फिन्कोची जबानी

दुकानाचं शटर वर असो, आत दिवे लागलेले असोत, मी समोर गल्ल्यावर बसून त्यांच्याकडेच बघत असो, अण्णा बाहेर पायरीवर उभे राहून माझं नाव तीन वेळा पुकारायचे. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, खणखणीत आवाजात. पहिल्या हाकेला मी "या की अण्णा" म्हणालो तरी उरलेल्या दोन हाका व्हायच्याच. गिऱ्हाइकं दचकायची. एकदा एक बाई मला हळूच म्हणाली, "काय केलंसा वो तुमी? पोलीस हाईत का?"

पोलीस नव्हते. कोर्टाचे बेलिफ होते, रिटायर झालेले. गावोगावी समन्स आणि नोटिसा बजावण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. दारात उभं राहून तीनदा पुकारायचं, माणूस बाहेर आला तर कागद हातात द्यायचा, नाही आला तर दोन पंचांच्या सह्या घेऊन दाराला चिकटवायचा. उंबऱ्याच्या आत जायचं नाही. कुणाच्या घरचा चहा घ्यायचा नाही, कारण चहा घेतला की दुसरी बाजू म्हणते बेलिफ फितला. नोकरी संपली तरी यातलं काही सुटलं नव्हतं. माझ्या दुकानात ते कधी आत आले नाहीत. पायरीवर प्लास्टिकचं स्टूल टाकून बसायचे आणि चहाला नको म्हणायचे.

"आता कसली केस हाय तुमच्याकडं? प्या की," मी म्हणायचो.

"उद्या तुमचं आन माझंच वाजलं तर?" ते म्हणायचे आणि हसायचे.

पलूसमधलं हे खेळण्यांचं दुकान मला कुणी दिलेलं नाही. कुंडलच्या आणि आसपासच्या जत्रांत सायकलला फुगे आणि पिपाण्या बांधून मी सुरुवात केली. व्यापाऱ्याला घाम फोडल्याशिवाय मी माल उचलत नाही, आणि गिऱ्हाइकाशी दोन शब्द झाल्याशिवाय मला काही विकल्यासारखं वाटत नाही. त्यामुळं अण्णांची पहिली भेटच मला खटकली होती.

पुकारून झाल्यावर ते म्हणाले होते, "मॉसबेरीतला कोल्हा हाय का?"

मॉसबेरी म्हणजे एका परदेशी कंपनीची खेळणी. बोटाएवढे प्राणी, प्रत्येकाचं वेगळं खोकं, आणि टीव्हीवर त्यांचं हिंदीतलं कार्टून. बर्फातलं एक गाव आहे. तिथं अस्वलाची बेकरी आहे, दोघे ससे भाऊ गाजराची शेती करतात, बीव्हर महापौर आहे. आणि फिन्को नावाचा एक कोल्हा होता. दुसऱ्या भागाच्या शेवटी गावची घंटा चोरीला जाते, सगळे म्हणतात फिन्कोनं नेली, आणि तो पाठ करून पडत्या बर्फातून निघून जातो. त्यानंतर तो कार्टूनमध्ये आला नाही आणि कंपनीनं त्याचं खेळणंही बंद केलं.

"कोल्हा बंद झाला. ससा घ्या," मी म्हणालो.

"बंद कुणी केला?"

"कंपनीनं."

"त्याला ईचारलं व्हतं?"

मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. माझं डोकं लवकर तापतं. गोदामात फाटक्या खोक्यातला एक फिन्को पडून होता, तो आणून त्यांच्यापुढं आपटला आणि मुद्दाम दुप्पट किंमत सांगितली. त्यांनी तेवढे पैसे काढून उंबऱ्यावर ठेवले आणि कोल्हा रुमालात गुंडाळला. जो माणूस घासाघीस करत नाही तो मला मोजत नाही, असं मला वाटतं. दुसऱ्या दिवशी जास्तीचे पैसे परत द्यायला लागलो तर घेईनात. म्हणाले, "सौदा झाला न्हवं? आता उकरू नगा."

साठी उलटलेला एकटा माणूस कार्टून का बघतो, हे मी त्यांना एकदा विचारलं. गावातल्या लोकांनी आपापली उत्तरं तयार ठेवली होतीच. कुणी म्हणायचं त्यांचा मुलगा पळून गेलाय, कुणी म्हणायचं ते स्वतःच लहानपणी घर सोडून आलेत. त्यांना मुलगा नव्हता, आणि ते जन्मले त्याच गल्लीत राहत होते.

"दुपारचं दुसरं काय बघू?" ते म्हणाले. "बातम्या लावल्या तर भांडणं, मालिका लावल्या तर भावकीची भांडणं. ती म्या फुकट बघितल्यात आयुष्यभर. आन शेट, म्या ज्या दारात ग्येलो तिथली पोरं आत पळाली. बेलिफ आला, बेलिफ आला. तुमच्या दुकानात पोरं बाहेर येत्यात."

पोरं खरंच यायची. ते फिन्को घेऊन गेले त्यानंतर दोन-तीन महिन्यांत रविवारी दुपारी माझ्या पायऱ्यांवर दहा-बारा मुलं जमायला लागली. प्रत्येकाच्या खिशात एकेक मॉसबेरीचा प्राणी. त्या प्राण्यांना अण्णांनी आमच्या मुलखात वसवलं होतं. अस्वलाचं मूळ गाव ठरलं, त्याची भावकी ठरली, यात्रेत पालखीचा मान कुणाकडं ते ठरलं. सशांच्या दोघा भावांत बांधावरून कोर्टात दावा चालू होता आणि धाकट्या सशाची बायको माहेरी पलूसला येऊन बसली होती. बीव्हर सरपंच झाला, अविश्वास ठरावात पडला, पुन्हा निवडून आला. मुलींनी शिंप्याकडच्या चिंध्या आणून लुगडी शिवली. जुन्या मोज्यांची घोंगडी झाली. बुटांच्या खोक्यांतून घरं उभी राहिली, आणि प्रत्येक घराच्या दाराला नखाएवढी नोटीस चिकटवलेली असायची.

हे सगळं ते वह्यांत लिहून ठेवायचे. त्यांना लिहायची एकच भाषा येत होती. "तमाम संबंधितांस कळविण्यात येते की, सदर अस्वल हे आपल्या बेकरीत पहाटे पाव भाजत असता, त्यास रडू आले. रडण्याचे कारण विचारता त्याने सांगण्यास नकार दिला. सबब पंचांनी त्यास पाणी पाजले." मी हसायचो. पण ती ओळ वाचल्यापासून दुकानातल्या अस्वलाच्या खोक्यावर मला धूळ बसू द्यावीशी वाटेना. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

मुलांत सई नावाची एक मुलगी होती, सातवीतली, जिभेनं तिखट. ती फिन्कोच्या विरुद्ध होती.

"आवं आजोबा, घंटा गेली त्या दिवशी त्याच्या पायाचे ठसे व्हते की तिथं! मी तीनदा बघितलाय तो भाग."

"आसतील."

"मग चोर न्हवं का तो?"

"आसंल. चोर आसला तर चोर. म्या कुठं न्हाई म्हणतोय?" ते म्हणाले. "पर तो गावात न्हवता तवा गावानं ठरवलं. एकतर्फी निकाल हाय ह्यो. आदी त्याचं म्हणणं ऐकायचं, मग द्या फाशी."

"मग तुमीच लिवा की त्याचं म्हणणं. सगळ्यांचं लिवता."

सशाचं, अस्वलाचं, बीव्हरच्या सासूचंसुद्धा म्हणणं त्यांनी लिहिलं होतं. फिन्कोचं नव्हतं. मुलं गेल्यावर मीही टोचलं, "जमंना व्हय?"

"जमायचा सवाल न्हाई. त्याच्या तोंडात माझे शब्द कोंबले तर त्या कंपनीत आन माझ्यात फरक काय? तो काय म्हणंल ते कळाय पायजे."

"अण्णा, प्लास्टिकचा हाय तो."

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "म्या येडा न्हाई, शेट."

अशी दोन वर्षं गेली. त्यांची खोली लहान आणि पावसात गळणारी, म्हणून ते सगळं गाव आणि वह्या मी माझ्या दुकानाच्या माळ्यावर ठेवून घेतल्या होत्या. भाडं घेतलं नाही. हे मी इथं लिहितोय, कारण पुढचं वाचून लोक मला काहीबाही म्हणतील.

मग एका रविवारी ते नेहमीच्या वेळेआधीच आले. तीन हाकासुद्धा घाईत मारल्या. हातात नवी वही होती.

"सापडलं," ते म्हणाले.

"काय?"

"फिन्कोची जबानी. पहाटं जागा झालो आन बोलाय लागला बघा. म्या नुसता लिवत ग्येलो." मी वहीकडं हात केला तर त्यांनी ती मागं घेतली. "आसं न्हाई. सगळ्यांच्या म्होरं वाचायची. जबानी म्हंजे जबानी."

पण त्या आठवड्यात मिरजेला त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, मोतीबिंदूचं. नंतर काही दिवस सांगलीला पुतणीकडं राहायचं होतं. डोळा नीट झाला की स्वतः वाचीन म्हणाले. मुलांना तारीख दिली, कोर्टात देतात तशी. वही माळ्यावर ठेवायला माझ्या हातात देताना म्हणाले, "संभाळा."

ते गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी पुण्याची गाडी दुकानासमोर थांबली. एक तरुण जोडपं होतं. मॉसबेरीची वेडी माणसं असतात, त्यांच्यासाठी हे दोघं मोबाइलवर व्हिडिओ बनवायचे. पुण्यात अशा लोकांचा मोठा मेळावा भरणार होता. अण्णांच्या कोर्टी भाषेतल्या गोष्टी आमच्या मुलांनी तिथल्या ग्रुपवर टाकल्या होत्या आणि त्या वाचून हे शोधत आले होते. मी माळ्यावरचं गाव खाली उतरवलं. ती मुलगी गुडघ्यांवर बसून ओरडलीच, "ओ माय गॉड, कोल्ह्याला मुंडासं!"

त्यांना सगळं हवं होतं, वह्यांसकट, मेळाव्यासाठी. नावाची पाटी लावू म्हणाले, फुकटात. फुकट हा शब्द ऐकला आणि मी खुर्चीत सरळ बसलो.

त्या दुपारी मी आयुष्यातला सगळ्यात चांगला सौदा केला. खोटं बोलत नाही. मी त्यांना दोनदा उठून जाऊ दिलं आणि दोनदा गाडीपाशी गाठून परत आणलं. अण्णांना मानधन, ठळक अक्षरांत नाव, प्रवासखर्च, एकेक गोष्ट मी त्यांच्या घशातून काढली. माझ्या दुकानाचं नावही व्हिडिओत येईल असं ठरवलं, तेही लपवत नाही. शेवटी तो पोरगा म्हणाला, "ठीक आहे काका. पण मग आम्हाला थोडं बदलायची मोकळीक पाहिजे. फिन्कोला आम्ही जरा कॉमेडी व्हिलन करू. गावरान चोर. लोकांना आवडेल."

घासाघिशीत एक नियम असतो. समोरच्याला काहीतरी सोडावं लागतं, तेव्हा ज्याचा आपल्याला पैसा पडत नाही ते सोडायचं. कोल्हा चोर झाला काय आणि साव झाला काय, कुणाच्या खिशाला काही लागत नव्हतं.

"करा," मी म्हणालो.

अण्णा परत आले ते काळा चष्मा लावून. पायरीवर उभं राहून तीन हाका मारल्या. मुलं आधीच जमली होती. मी मानधनाचं पाकीट त्यांच्या पुढं धरलं आणि सगळी हकिगत सांगितली, पुण्याच्या जोडप्याला कसं नमवलं ते रंगवून सांगितलं. मुलं टाळ्या वाजवायच्या बेतात होती. अण्णांनी पाकिटाकडं बघितलं नाही.

"शेवटची वही?"

"सगळं एकदमच दिलं."

"वाचली का कुणी?"

"न्हाई. पर ते वाचतील की, पुण्यात, हजार माणसांम्होरं."

"मला फोन करायचासा."

"आवं, डोळ्याला पट्टी व्हती तुमच्या! कशाला तरास द्यायचा म्हणून..."

"पट्टी डोळ्याला व्हती, शेट. कानाला न्हवती."

एवढंच. आवाज चढला नाही. मुलांकडं वळून त्यांनी सांगितलं की आजचं काम तहकूब, आणि स्टूल भिंतीला लावून निघून गेले. पाकीट माझ्या हातात राहिलं. मी दोनदा त्यांच्या खोलीवर नेऊन दिलं आणि दोन्ही वेळा ते सकाळी माझ्या शटरखालून आत सरकवलेलं मिळालं. मी भांडायला तयार होतो. माझी बाजू सगळी पाठ होती. माळा फुकट दिला, सौदा चोख केला, त्यांच्या नावाची पाटी लावली. हे मी आजही कुणालाही पटवून देऊ शकतो. पण ते भांडायलाच येईनात, आणि समोर कुणी नसताना आपली बाजू मांडत बसणं काय असतं, ते मला तेव्हा कळायला लागलं.

मेळाव्याचा व्हिडिओ आला तेव्हा मुलांनी तो माझ्याच पायरीवर बसून बघितला. मी मागून बघत होतो. आमचं गाव होतं, बुटांच्या खोक्यांचं. फिन्कोची जीभ लाल रंगवून बाहेर काढलेली, मुंडासं तिरकं, आणि त्याच्या तोंडी आमच्याच बोलीची नक्कल. "लय भूक लागलीया, घंटा खाऊ का?" मग त्या मुलीनं शेवटची वही उघडली आणि नाकात बोलत वाचलं, "मी, फिन्को कोल्हा, वय माहीत नाही, धंदा काही नाही, प्रतिज्ञेवर सांगतो की..." तिला हसू आवरेना. पडद्यामागं आणखी कुणीतरी हसलं. पुढचं वाचलं गेलं नाही. शेवटी बर्फ पडायला लागला आणि कोल्हा ढेंगा टाकत पळाला.

मुलंही हसली. सई सगळ्यांत आधी हसली आणि सगळ्यांत आधी थांबली. म्हणाली, "आजोबांनी काय लिवलं व्हतं म्होरं?" कुणालाच माहीत नव्हतं.

तो व्हिडिओ लाखोंनी बघितला. कंपनीनं फिन्को पुन्हा बाजारात आणला, जीभ बाहेर काढलेला, पोटावर बटण असलेला. माझ्या दुकानात इतकं काही कधी खपलं नव्हतं. मुलं येतात, बटण दाबतात, तो हसतो. रविवारची बैठक त्यानंतर दोनदा बसायचा प्रयत्न झाला, पण मुलांना आता फक्त त्या आवाजाची नक्कल करायची होती. सई तर यायचीच बंद झाली. अण्णा खोली सोडून सांगलीला पुतणीकडं राहायला गेले, हे मला दूधवाल्याकडून कळलं.

मी पुण्याला फोन केला. सामान परत द्या म्हणालो, म्हणाल त्या किमतीला. आयुष्यात पहिल्यांदा असं बोललो. ते किंमत मागेनात, उलट कटकट मिटली म्हणून खूश झाले. साताऱ्याला कुठल्याशा लग्नाला निघाले होते, तेव्हा शिरवळला हायवेच्या कडेला एका हॉटेलसमोर त्यांनी डिकीतून खोकं काढून दिलं. मी तिथंच उघडलं. घरं चेपली होती. प्राण्यांवर नवा रंग होता. वह्या होत्या, एक सोडून.

"शेवटची कुठं हाय?"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि तो पोरगा म्हणाला, "काका, ती... बर्फासाठी कागद हवा होता ना. थर्माकोल नीट पडत नव्हता. त्या वहीचा कागद पातळ होता, म्हणून तिचे तुकडे केले." मग ती मुलगी खरंच कळवळून म्हणाली, "फोटो काढायला हवे होते, सॉरी."

तो व्हिडिओ मी पाच वेळा बघितला होता. पाचही वेळा तो बर्फ माझ्या डोळ्यांदेखत पडला होता. मी त्यांच्यावर हात उचलला नाही. कागदाचे तुकडे कुठं टाकले, एवढं विचारलं. हॉल झाडणाऱ्यांनी नेले असतील, म्हणाले.

खोकं गाडीत टाकून मी तसाच सांगलीला गेलो. पुतणीचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दारात उभं राहिल्यावर नाव पुकारावं की बेल वाजवावी ते मला सुचेना. बेल वाजवली. पुतणी चांगली बाई, आत या म्हणाली. "काका बरे आहेत अगदी. आत्ताच गॅसचा नंबर हवा होता तर न बघता सांगितला. मला माझा फोन नंबर आठवत नाही, यांना अख्ख्या गल्लीचे पाठ आहेत."

ते खिडकीपाशी पेपर वाचत होते. मी खोकं जमिनीवर ठेवलं, उघडलं. त्यांनी वाकून एकेक प्राणी उचलला, उजेडात धरला आणि परत ठेवला. मी खिशातून नवी वही काढली, पेन काढलं.

"अण्णा, ती वही ग्येली. बर्फ केला त्यांनी तिचा," मी म्हणालो. "माझ्यामुळं ग्येली. पर तुमच्या ध्यानात आसंल की सगळं. तुमी सांगा, मी लिवतो. जसंच्या तसं लिवतो, एक अक्षर बदलत न्हाई. पोरांना वाचून दावतो. फिन्कोनं काय सांगितलं?"

त्यांनी पेपराची घडी घातली, मांडीवर ठेवली, आणि अनोळखी माणसाशी बोलावं तसं अदबीनं मला विचारलं, "कोण फिन्को?"